आमनं काय बिघडनं?

गेल्या रविवारी भाऊबंदांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चुलतभावाच्या मुलावरून जुंपली. पोरगा जळगावला अकरावीत, नीटचा क्लास लावलेला. दिवाळीपासून खोलीचं दार लावून बसतो, ताटही आतच मागवतो. वहिनी म्हणाल्या, एकदा डॉक्टरला दाखवू. त्यावर नानांनी पारोळ्याहून टाकलं, "आमना बाप आमनासंगे कधी बोलना नही. आमनं काय बिघडनं?" खाली अकरा अंगठे. वर मी नेदरलँड्सला राहतो म्हणून मला टोमणा, की तिकडे पोरं सोळाव्या वर्षी बापाचं घर सोडतात, तिकडचं शहाणपण इकडे नको.

सोळाव्या वर्षी कुणी घर सोडत नाही, नाना. आइंडहोवनला भाड्याने खोली मिळवून दाखवा. पंचविशीतली कितीतरी पोरं आईबापाकडेच राहतात. पण माझा राग त्यावर नाही, त्या "काय बिघडनं"वर आहे. दोन दिवस सायकलवर ऑफिसला जाताना मी मनातल्या मनात नानांशी भांडतोय.

ग्रुपवर मी लगेच युनिसेफचा दाखला फेकला. श्रीमंत देशांतल्या मुलांचं कसं चाललंय या यादीत नेदरलँड्स २०२० ला पहिला, २०२५ ला पुन्हा पहिला. इथे पोराला मानसोपचार हवे असतील तर महिनोन्महिने वेटिंग असतं, हे मात्र टाकलं नाही. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दहा ते एकोणीस वयातल्या दर सात जणांत एकाला मानसिक आजार असतो. आमच्या ग्रुपमधल्या घरांत त्या वयाची चौदा पोरं आहेत. हिशेब नानांनीच करावा, आयुष्यभर जिनिंगचे हिशेब लिहिलेत त्यांनी.

नानांचं अर्धं खरंही आहे. बहात्तरच्या दुष्काळात आजोबा दिवसभर खडी फोडायचे. संध्याकाळी पोरांशी त्यांनी काय बोलायचं होतं? माझे वडील, आबा, तेही तसेच झाले. नववीत मी गणितात नापास झालो तेव्हा आबा चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी मोठ्या मायने मला मागच्या अंगणात बोलावलं आणि पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी फिरवायला बसवलं. सालं सोलताना बोटं भाजत होती, आणि फुंकर मारत मारत मी तिला सगळं सांगून टाकलं, मास्तरांच्या मारासकट. ती "हं" एवढंच म्हणत होती. आबांशी न बोलता मी वाढलो, पण कुणाशीच न बोलता वाढलो नाही. चुलतभावाच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये मोठी माय कुठे आहे?

मानसशास्त्रज्ञ पीटर फोनागी आणि सहकाऱ्यांनी लंडनमध्ये सुमारे शंभर गरोदर बायकांना त्यांच्या स्वतःच्या लहानपणाबद्दल विचारलं. त्यावरून, अजून न जन्मलेलं मूल वर्षाचं झाल्यावर आईच्या आधाराने शांत होईल की नाही, याचा अंदाज चारातल्या तिघींच्या बाबतीत बरोबर आला. हा अभ्यास १९९१ ला छापून आला. त्यातली माझ्या कामाची गोष्ट अशी, की लहानपण सुखाचं गेलं की हालाचं, एवढ्यावर ते ठरत नव्हतं. त्याबद्दल बाई किती मोकळं आणि सुसंगत बोलू शकते, यावर ठरत होतं. "सगळं चांगलंच होतं, काय बिघडलं?" असं म्हणून विषय मिटवणाऱ्यांची मुलं बऱ्याचदा घाबरली तरी आईकडे जायचं टाळतात.

हे नानांना लिहायला बसलो आणि थांबलो.

मार्चमध्ये लेकीने शाळेत जीजीडीचा, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचा, फॉर्म भरला. माध्यमिक शाळेच्या दुसऱ्या वर्षाला जवळजवळ सगळेच भरतात. मग नर्सने बोलावून घेतलं. त्रास झाला तर कुणाशी बोलतेस, या प्रश्नापुढे लेकीने लिहिलं होतं, मैत्रिणीच्या आईशी. नर्सने ती चांगली बातमी म्हणून सांगितली. कुणीतरी आहे ना, ते महत्त्वाचं. मी मान हलवली, हसलोही. परत येताना समोरून वारा होता, आम्ही पुढे-मागे सायकल मारत होतो. शेवटी मी विचारलं, "भूक लागली का?" ती डचमध्ये म्हणाली, "नेई." नाही. घरापर्यंत एवढंच बोलणं.

तिला आतलं काही सांगायचं असलं की ते डचमध्येच येतं, आणि माझं डच ऑफिस आणि खाटकाच्या दुकानापुरतं. त्या मैत्रिणीच्या आईला मी दोनदा भेटलोय, भल्या आहेत. मला त्यांचा राग येतो. आबांना मोठ्या मायचा यायचा का, कोण जाणे.

काल आबांना फोन लावला. धीर करून नववीतल्या त्या चार दिवसांचं विचारलं. पलीकडे पंख्याचा आवाज येत राहिला. मग आबा म्हणाले, "तथा पानी पडनं का?"

"पडनं, आबा. सकायपासून."

मग आम्ही वीस मिनिटं कपाशीवर बोललो.