मोठा आकडा म्हणजे वेगवान मशीन? नाही!

मशीनचा वेग मोजायच्या ठरावीक चाचणीला बेंचमार्क म्हणतात. त्यावरून कोल्हापुरातल्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: "बेंचमार्कचा आकडा खोटा पाडता येत नाही. प्रोसेसर तोच असेल तर लॅपटॉप कुठलाही घ्या. एकदा चाचणी लावा, आकडा मोठा दिसेल तो उचला." शिरोलीच्या फाउंड्रींसाठी, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यांसाठी, पॅटर्नची (साच्याच्या नमुन्याची) थ्रीडी ड्रॉइंग करणारी पोरं असलं वाचून हप्त्यावर मशीन घेतात, म्हणून लिहितोय.

आकडा खोटा पाडता येत नाही? २०१३ मध्ये सॅमसंग गॅलेक्सी एस४ च्या एक्झिनॉस मॉडेलची ग्राफिक्स चिप ठरावीक बेंचमार्क ॲप उघडलं की ५३२ मेगाहर्ट्झला जायची, इतर गेमना ४८० वरच थांबायची. २०१८ मध्ये हुआवेचा पी२० प्रो याच कारणाने थ्रीडीमार्क या ग्राफिक्स बेंचमार्कच्या यादीतून निघाला. सर्व्हरच्या जगातही हेच. स्पेक ही संस्था १९८८ पासून चाचण्यांचे नियम घालून देते. तिने २०२४ मध्ये २,६०० हून जास्त निकालांवर लाल शेरा मारला, कारण इंटेलच्या कंपायलरने (प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या सॉफ्टवेअरने) एका चाचणीपुरती खास युक्ती केली होती. रोजच्या प्रोग्रामला त्या युक्तीचा फारसा उपयोग नव्हता.

"प्रोसेसर तोच" हा मुद्दा मला सगळ्यात घातक वाटतो. कोअर आय७-११६५जी७ ही एकच चिप लॅपटॉप बनवणारी कंपनी १२ वॅटवर बसवू शकते, तशीच २८ वॅटवरही. नाव एक, जोर वेगळा. त्यात रॅमची एकच पट्टी असेल तर मेमरीचा रस्ता निम्मा होतो, आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनला ते लगेच जाणवतं. खासबागेत कुस्तीची जोड लावताना वस्ताद दोघांचं वजन आणि तयारी बघतो. इथं एक मशीन चार्जरवर, दुसरं बॅटरीवर, आणि निकाल मात्र छातीठोक!

राहिली एकदाच चाचणी. गार मशीन पहिली काही मिनिटं पूर्ण ताकदीने पळतं, मग तापून वेग उतरवतं. ओतकामाचं सिम्युलेशन, म्हणजे कॉम्प्युटरवरची नक्कल, तासन् तास चालतं, तेही एप्रिलमध्ये, पत्र्याच्या शेडमध्ये. तिथं पहिल्या मिनिटाचा आकडा काय कामाचा?

राजारामपुरीत खरेदीला जाताना आपली सगळ्यात जड फाइल पेन ड्राइव्हवर न्या. दोन्ही मशीन चार्जरला लावा, पॉवर मोड सारखा ठेवा, तीच फाइल निदान अर्धा तास परत परत चालवा. सगळ्या वेळा कागदावर लिहा आणि मधली धरा. दुकानदार कंटाळला तरी चालेल, पैसे तुमचे आहेत.