काळ्या मातीतला पाया: फिरत्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

पावसाळा तोंडावर आला की बेळगाव-निपाणीकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. त्यातला सल्ला असा: काळ्या मातीत पाया पावसाळ्यातच भरा, ओल्या मातीवर वजन पडलं की ती दबून कायमची घट्ट होते. चर पाच फूट घ्या, तळाला फूटभर वाळू टाका, वर दगडी पाया बांधा, सळईचा खर्च वाचतो. आजोबांची घरं अशीच उभी आहेत. शेवटी 'गरजूंना पाठवा' हे आलंच. पाठवू नका, आणि का नको ते सांगतो.

आधी 'ओली माती दबून घट्ट होते' हे घेऊ. चिखलात पाय रुततो, म्हणून काळ्या मातीचा दोष मऊपणा, असं लोक धरून चालतात. तो तिचा लहान दोष. मोठा दोष फुगण्याचा आणि आटण्याचा. तिच्यातलं माँटमोरिलोनाइट हे खनिज पाणी मिळालं की फुगतं, वाळलं की आटतं, आणि हे दरवर्षी चालू राहतं. फुगताना ती वर जो रेटा देते तो जागोजागी वेगळा असतो, पण चौरस मीटरला दहा-वीस टनांपर्यंत जाऊ शकतो. साध्या तळमजल्याच्या घराचा भार बहुधा तेवढा भरत नाही. मग घर मातीला दाबणार कसलं, मातीच घराला उचलते. सगळीकडून सारखं उचललं असतं तरी निभावलं असतं. पण घराखालची माती झाकलेली, तिची ओल टिकते. कडेची माती चैत्र-वैशाखात वाळून आटते. कोपरे खाली बसतात, मधला भाग जागेवरच राहतो, आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका तडा निघतो. पावसाळ्यात तो बराचसा मिटतो. मालकाला वाटतं पुट्टी लागू पडली. पुढच्या उन्हाळ्यात तडा पुन्हा हजर.

आषाढात फुगलेल्या मातीवर पाया भरला तर ती उन्हाळ्यात खाली जाणार. उन्हाळ्यात भेगाळलेल्या मातीवर भरला तर पावसाळ्यात वर येणार. नुसता मोसम बदलून सुटका नाही. शिवाय पावसात कामाचे हाल वेगळेच. रात्रीत चरात साठलेलं पाणी उपसलं की तळाला चार बोटं लगदा राहतो. वरून तो छान सपाट दिसतो आणि गवंडी त्यावरच काँक्रीट ओतायला घेतो. फावड्याने खरवडून बघा, खाली घट्ट माती लागते. तो लगदा काढल्याशिवाय पीसीसी, म्हणजे तळाचं बिनसळईचं काँक्रीट, करू देऊ नका. चर खोदून आठ-आठ दिवस उघडा टाकणं तर कुठल्याच मोसमात नको.

आता पाच फुटांचं. कुठले पाच फूट? खानापूरकडे जांभा लागतो, तिथे हा प्रश्न बहुतेक येतच नाही. येळ्ळूर-वडगावच्या भातशिवारात, बळ्ळारी नाल्याच्या काठाने, जमीन महिनोन्‌महिने पाण्याखाली असते आणि मग तडकते. अथणीकडे कृष्णाकाठाला पाऊस कमी, पण काळी माती खोलच खोल. एकाच जिल्ह्यात एवढे प्रकार असताना आकडा मेसेजमधून कसा घेणार? प्लॉटच्या दोन कोपऱ्यांत खड्डे घेऊन मुरूम कुठे लागतो ते पाहायचं. चार-पाच फुटांत घट्ट मुरूम लागला तर पाया त्यात उतरवा, विषय संपला. नाही लागला, तर मोसमाबरोबर ओल बदलते त्या थराच्या खाली जावं लागतं. आपल्या देशात काळ्या मातीत तो थर साधारण साडेतीन मीटर धरतात. तेवढा सलग चर परवडत नाही. त्यासाठीच रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अंडर-रीम्ड पाइल विकसित केले: बारीक खांब, खाली खांबाच्या साधारण अडीचपट व्यासाचा फुगवटा. वरचा बीम जमिनीला न टेकवता खाली मोकळी जागा ठेवतात, माती फुगली तर तिला वाव हवा म्हणून. आयएस 2911 या भारतीय मानकाच्या भाग 3 मध्ये याचे नियम आहेत.

वाळूचा थर ही मेसेजमधली सगळ्यात घातक सूचना. काळ्या मातीतून पाणी झिरपत नाही, वाळूतून लगेच पळतं. म्हणजे चिकणमातीच्या चरात वाळू भरून तुम्ही पावसाचं पाणी थेट पायाखाली साठवायची सोय करता. थर द्यायचाच तर न फुगणाऱ्या, थोड्या चिकट मुरमाचा, सहा-आठ इंचांच्या थरांनी पाणी मारून रोलरने दाबलेला. आयआयटी मुंबईच्या प्रा. कट्टी यांनी काळ्या मातीतल्या कालव्यांच्या अस्तरासाठी हेच तत्त्व मांडलं, आणि त्यात अशा मातीचा थर साधारण मीटरभर जाडीचा असतो. चुना? चुन्याने माती सुधारते, पण शेकडा तीन-सहा प्रमाणात नीट कालवून. चरात दोन पाट्या फेकल्या तर पैसे मातीत.

सळई वाचवण्याबद्दल एवढंच: दगडी बांधकामाला ताण सोसत नाही. जोत्याला सलग बीम, दारं-खिडक्यांच्या वर, लिंटेलला, दुसरा बीम, हे या मातीत ऐच्छिक नाही.

राहिली आजोबांची घरं. ती उभी आहेत, खरंय. पण ती कुठे आहेत ते बघा: गावठाणात, उंचवट्यावर, पांढरीत. काळीत शेती आणि पांढरीत घर ही जुनी वाटणी होती. भिंती दोन-दोन फूट मातीच्या, थोडं हलणं पोटात घालणाऱ्या, आणि दिवाळीआधी त्या दरवर्षी लिंपल्या जायच्या. आज लेआउट पडतात ते भातशेतीत, आणि वर सहा इंची भिंत.

मेसेजमध्ये घराभोवतीच्या पाण्याबद्दल अवाक्षर नाही. घराभोवती चार-पाच फूट रुंद, बाहेर उताराची काँक्रीटची पट्टी करा, छपराचं पाणी पाइपने गटारापर्यंत न्या, मोरीचा पाइप पायाजवळ गळत नाही ना ते तपासा. झाडाची मुळं मातीतली ओल ओढतात, म्हणून निलगिरी किंवा पिंपळ भिंतीपासून निदान त्याच्या पूर्ण वाढीच्या उंचीइतका लांब ठेवा. घर आधीच बांधून झालं असेल आणि तडा असेल, तर त्याच्या टोकाला पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहा, मे आणि सप्टेंबरमध्ये रुंदी मोजा. मोसमाप्रमाणे उघडझाप होत असेल तर पुट्टीवाल्याला नव्हे, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.