‘इम्युनिटी वाढवा, संधिवात पळवा’: त्या मेसेजला उत्तर

‘ऑटोइम्यून आजारांचं सत्य, जे डॉक्टर सांगत नाहीत’ या मथळ्याचा मेसेज सध्या नागपुरात सोसायट्यांच्या, भिशीच्या, निवृत्त मंडळींच्या ग्रुपवर फिरतो आहे. त्याचं म्हणणं असं: हे आजार प्रतिकारशक्ती कमी झाल्यामुळे होतात, म्हणून रोज गुळवेलीचा काढा घ्या. संधिवातावर देतात ती मेथोट्रेक्सेटची गोळी कॅन्सरचं औषध आहे, आजच बंद करा. एका रक्ततपासणीत आजार दहा वर्षं आधी कळतो, घरातल्या सगळ्यांचं पॅकेज करून घ्या. संत्री, दही सोडा. आईला असेल तर मुलांना होणारच.

एरवी मी अशा मेसेजच्या नादी लागत नाही. पण माझ्या काकूंनी हा वाचून गोळ्या बंद केल्या. त्यांना कित्येक वर्षांपासून ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे ऑटोइम्यून प्रकारचा संधिवात आहे. “काढ्यानं बरं होते म्हणते ना, मंग काहून गोळ्या खाऊ?” असं त्यांनी मला विचारलं. काही आठवड्यांतच त्यांना सकाळी कप धरता येईना. म्हणून हे लिहितोय.

प्रतिकारशक्तीचा मुद्दा मुळातच उलटा आहे. या आजारांत ती कमी पडलेली नसते, ती स्वतःच्याच शरीरावर चालून गेलेली असते. टी पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या लढाऊ पेशी, छातीतल्या थायमस ग्रंथीत परिपक्व होतात आणि स्वतःच्या शरीरावर हल्ला करू शकतील अशा बहुतेक पेशी तिथेच नष्ट केल्या जातात. काही निसटतात. त्यांना लगाम घालणाऱ्या नियामक टी पेशी शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये दाखवल्या. या पेशी ज्या फॉक्सपी३ जनुकावर चालतात, तो मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये शोधला. हा जनुक बिघडलेल्या मुलग्यांना अगदी तान्हेपणीच आतडी, त्वचा आणि स्वादुपिंडाचे गंभीर ऑटोइम्यून आजार होतात. २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल या तिघांना याच कामासाठी मिळालं. लगाम सुटलेला असताना ‘इम्युनिटी वाढवा’ असं सांगणं म्हणजे हल्ल्याला बळ देणं.

आता काढ्याबद्दल. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला झालेल्या इजेची नोंद प्रसिद्ध केली. पुढच्या वर्षी देशातल्या १३ केंद्रांमधून अशा ४३ रुग्णांची नोंद आली. त्यांतल्या अनेकांच्या रक्तात ऑटोइम्यून आजारांत दिसतात तशाच अँटिबॉडी (स्वतःच्याच शरीराविरुद्ध तयार झालेली प्रथिनं) होत्या. मुंबईच्या नोंदीनंतर आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, की ती वनस्पती गुळवेलच होती हे डॉक्टरांनी तपासलेलं नाही, दिसायला सारखी दुसरी वेल असू शकते. आक्षेप रास्त धरला, तरी शेजारच्या कडुनिंबावरून तोडून आणलेली वेल नेमकी कोणती हे काकूंनी कसं ओळखायचं? ज्याला आधीच ऑटोइम्यून आजार आहे त्याने तर हा प्रयोग करूच नये.

मेथोट्रेक्सेट हे कॅन्सरचं औषध आहे, हे खरं. पण मात्रा वेगळी, काम वेगळं. कॅन्सरमध्ये ते कितीतरी मोठ्या मात्रेत देतात, तेव्हा पेशींचं विभाजन थांबतं. संधिवातात साधारण ७.५ ते २५ मिलिग्रॅम, तेही आठवड्यातून एकदाच. त्या मात्रेत ते दाह कमी करतं. सोबत फॉलिक ॲसिड देतात, रक्त आणि यकृताच्या तपासण्या ठरावीक काळाने करतात, गरोदरपणात ते चालत नाही. धोका आहे, म्हणूनच देखरेख आहे. मेसेजवाल्याने हा धोका तेवढा उचलला आणि गोळी बंद केल्यावर सांध्याचं हाड झिजत जातं, ते झिजलेलं परत येत नाही, हे गाळलं.

दहा वर्षं आधी कळण्याच्या गोष्टीत मात्र तथ्य आहे, हे मला मान्य करावं लागेल. २००३ मध्ये अमेरिकी लष्कराने साठवलेले रक्तनमुने तपासून ल्युपस या दुसऱ्या एका ऑटोइम्यून आजाराच्या १३० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ११५ जणांच्या रक्तात निदानाआधीच किमान एक अँटिबॉडी सापडली होती, सर्वांत आधीची ९.४ वर्षांपूर्वी. एएनए, अँटी-रो यांसारख्या अँटिबॉडी आधी दिसल्या, आणि अँटी-एसएम वगैरे निदानाच्या जवळ. पण तो अभ्यास आजारी माणसांपासून सुरू होऊन मागे गेला. आज अँटिबॉडी सापडलेल्या धडधाकट माणसाला पुढे आजार होईल, असं तो म्हणत नाही. १९९७ च्या दुसऱ्या एका अभ्यासात निरोगी लोकांपैकी १:४० पातळीवर (म्हणजे रक्तद्रव चाळीस पट पातळ करून तपासल्यावर) जवळपास ३२ टक्के आणि १:१६० वर ५ टक्के लोक एएनए पॉझिटिव्ह निघाले. संधिवातासाठी तपासतात तो आरए फॅक्टर टीबीत, हिपॅटायटिस सी मध्ये, नुसत्या म्हातारपणातही वाढतो. लक्षण काहीच नसताना पॅकेज करून अख्खं घर धास्तावून धंतोलीच्या दवाखान्यांत रांग लावेल, दुसरं काय होणार? सकाळी बोटं अर्धा-पाऊण तास आखडत असतील, लहान सांधे सुजत असतील, तेव्हा अँटी-सीसीपी ही संधिवाताची रक्ततपासणी जरूर करा, आणि वेळ घालवू नका. सुरुवातीच्या महिन्यांत उपचार मिळाले तर सांधे वाचण्याची शक्यता मोठी असते.

संत्र्यांनी सांधे बिघडतात याला आधार नाही. आंबिया बहाराची संत्री खुशाल खा, दहीही. सोडायचीच तर सिगारेट सोडा, तिचा संबंध पक्का आहे. आणि ‘मुलांना होणारच’ हे तर निव्वळ घाबरवणं. अगदी एकसारख्या जुळ्यांतसुद्धा एकाला हा संधिवात असला, तर दुसऱ्याला होण्याचं प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपासच आहे.

हा मेसेज वाचून कोणी गोळ्या बंद केल्या असतील, तर राहिलेल्या गोळ्या एकदम घेऊ नका, रोजही घेऊ नका. मेथोट्रेक्सेट रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत. कधीपासून बंद आहे आणि मधल्या काळात कोणता काढा घेतला, हे न लपवता आपल्या डॉक्टरांना सांगा, रक्त आणि यकृताची तपासणी करून घ्या आणि मग ते सांगतील त्या मात्रेने सुरू करा.