जुनं कोर्ट कसं घालवावं

समजा, तुम्ही अमेरिकेत, टेक्सासातल्या एखाद्या काउंटीत (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं काहीतरी) कारभार बघणारे कमिशनर म्हणून निवडून आलात. काउंट्या 254 आहेत, कुठेतरी वर्णी लागेलच. गावाच्या चौकात मधोमध सव्वाशे वर्षांचं कोर्ट उभं असेल: घड्याळाचा मनोरा, वर न्यायदेवता, आत लाकडी जिना. 1881 साली राज्याने काउंट्यांना कोर्ट बांधायला कर्जरोखे काढायची मुभा दिली आणि प्रत्येकीने शेजारणीच्या नाकावर टिच्चून मनोरे चढवले. ती हौस आता तुमच्या गळ्यात.

घाबरू नका. फक्त बुलडोझर मागवू नका. असं कोर्ट पाडायचं, विकायचं किंवा त्याचं रूप बिघडवायचं तर राज्याच्या ऐतिहासिक आयोगाला सहा महिने आधी कळवावं लागतं. सहा महिन्यांत गावातले पेन्शनर जागे होतात.

आग तर लागूच देऊ नका. 1993 च्या पहिल्याच दिवशी हिल काउंटीचं कोर्ट जळालं. झालं काय? त्याच काउंटीत जन्मलेला प्रसिद्ध गायक विली नेल्सन मदतीसाठी गायला आणि 1999 पर्यंत मनोऱ्यासकट सगळं पुन्हा उभं! मेसन काउंटीत 2021 साली कुणीतरी मुद्दाम पेटवलं, तेही मोठ्या दुरुस्तीच्या तोंडावर. काही वर्षांत कोर्ट परत चालू. जळक्या इमारतीसाठी गाव रडतं. गळक्या इमारतीसाठी कोण गाणार?

तेव्हा गळू द्या. गळायला सहा महिन्यांची नोटीस लागत नाही.

पन्हळीत कबुतरांनी काड्या भरल्या असतील, त्यांना हात लावू नका. पाणी तुंबेल, भिंतीत उतरेल. दरजांतला चुना झडला असेल तर मिस्त्रीकडून सिमेंट भरून घ्या. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती दगडातच कोंडतं. मग मऊ वालुकाश्माचे पापुद्रे सुटू लागतात आणि दोष दगडाच्या वयावर ढकलता येतो. वॅक्सहॅचीच्या 1897 च्या कोर्टासारखे दगडात चेहरे कोरलेले असतील तर आधी नाकं जातील. जाऊ द्या, न्याय नाकाने करत नाहीत.

मनोरा उतरवायची इच्छा होईल. डॅलसकरांनी 1919 साली उतरवला होता. (मुलाकडे डॅलसला गेलात तर केनेडींना गोळी लागली त्या चौकाशेजारची लाल इमारत बघा, तीच ती.) पण 2007 साली पुन्हा बांधावा लागला. अठ्ठ्याऐंशी वर्षं निभावली म्हणा, तरी शेवटी खर्च चुकला नाही.

आणि जुनी कोर्टं दुरुस्त करायला राज्य 1999 पासून देतं ते सरकारी अनुदान? आदल्या वर्षी राष्ट्रीय पातळीवरच्या धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत टेक्सासची कोर्टं झळकली, म्हणून ते निघालं. तुम्ही अर्ज करू नका. आधी सबंध इमारतीचा आराखडा करा म्हणतात, वर काउंटीचा वाटा मागतात. आराखड्यात गळती दिसते.

ती दिसू नये म्हणूनच फॉल्स सीलिंग असतं. कोर्टरूमची दोन मजली उंची नऊ फुटांवर आणा, सज्ज्यात जुनी दप्तरं कोंबा. वरच्या प्लास्टरच्या वेलबुट्टीतून पाणी ठिबकेल, पण खाली फक्त एका टाइलवर चहा सांडल्यासारखा डाग उमटेल. कारकूनबाई तक्रार करतील. टाइल बदला. कपाटात दहा-बारा नव्या टाइली कायम असू द्याव्यात. बादली मात्र एकच पुरे, बाईंच्या टेबलाखाली मावेल एवढी.