'ओताकू' ही पदवी नाही : खुलासा

'ओताकू म्हणजे जपानीत अ‍ॅनिमे-तज्ज्ञ, सन्मानाची पदवी' असा मेसेज फिरतोय (अ‍ॅनिमे म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन). गेल्या आठवड्यात मीही तो पुढे पाठवला होता. तो चुकीचा आहे, माफ करा.

मूळ शब्दाचा अर्थ 'आपलं घर'. त्यावरून समोरच्याला आदराने 'आपण' म्हणायलाही तो वापरतात. अ‍ॅनिमे आणि मांगाचे (जपानी कॉमिक्सचे) चाहते एकमेकांना असंच संबोधतात हे पाहून 1983 मध्ये लेखक नाकामोरी आकिओ यांनी एका मांगा मासिकातल्या सदरात त्यांना हे नाव दिलं, तेही हिणवून! पुढे 1989 मध्ये एका खूनसत्रातला पकडलेला आरोपी ओताकू असल्याचं माध्यमांत गाजलं आणि शब्द आणखी बदनाम झाला. आता तो बराच सौम्य झालाय, 'एखाद्या गोष्टीचा वेडा चाहता' अशा अर्थाने वापरतात, आणि जपानात रेल्वेवेडेही ओताकूच. स्वतःला ओताकू जरूर म्हणा, मीही म्हणते. जुना मेसेज मात्र कृपया पुढे पाठवू नका.