पहिल्या पायदानावरची गाणी : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

बिनाका गीतमालेवरील माझ्या लेखाला आपण दिलेली प्रतिक्रिया मी वाचली, पुन्हा वाचली, आणि रागाच्या भरात काही लिहून जाऊ नये म्हणून उत्तर लिहिण्याआधी मुद्दाम थोडे दिवस जाऊ दिले. राग पुरता गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकते.

ज्यांनी तो लेख किंवा आपली प्रतिक्रिया वाचलेली नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायला हवे. रेडिओ सिलोनवर 1952 च्या डिसेंबरात सुरू झालेल्या गीतमालेच्या, म्हणजे हिंदी चित्रपटगीतांची क्रमवारी लावणाऱ्या कार्यक्रमाच्या, वार्षिक यादीत जी गाणी पहिल्या पायदानावर, म्हणजे पहिल्या क्रमांकावर, आली, ती 1953 पासून 1977 पर्यंत क्रमाने पुन्हा ऐकून मी लेख लिहिला होता. त्या काळी घरोघर पोहोचलेली ही गाणी ‘लोकप्रिय’ म्हणून बाजूला ठेवण्यासारखी नाहीत, त्यांच्या चालींत आणि बांधणीत कान देऊन ऐकण्यासारखे पुष्कळ आहे, एवढेच माझे म्हणणे होते. त्यावर आपण लिहिले की लोकप्रियता म्हणजे गुणवत्ता नव्हे, तो कार्यक्रम टूथपेस्ट खपवण्यासाठी होता, मी गीतकारांची नावे गाळली आणि मराठी गाण्यांना जागाच दिली नाही. या सगळ्याच्या मधोमध आपले हे वाक्य आहे : ‘ताई, आपल्या भावना समजू शकतो, पण सांगलीतल्या चहाच्या गाड्यावर तयार झालेल्या कानांनी पहिल्या क्रमांकावर बसवलेल्या गाण्यांत संगीत शोधणे म्हणजे बाजारभावावरून गुळाची चव सांगण्यासारखे आहे.’

गीतकारांबद्दलचा आपला आक्षेप मला मान्य आहे. संगीतकार आणि गायक यांची नावे सर्वत्र आली आणि गीतकारांची काही ठिकाणी राहिली. ती घालायला हवीत आणि मी ती घालते आहे. टूथपेस्टबद्दल वाद कसला घालायचा? बिनाका हे त्या टूथपेस्टचे नाव कार्यक्रमाच्या नावातच होते आणि ते कोणी लपवले नव्हते. मराठी गाण्यांचे म्हणाल, तर गीतमाला हिंदी चित्रपटगीतांची होती आणि लेख त्या यादीवर होता. 1959 च्या ‘सांगत्ये ऐका’मधल्या बुगडीवर मी जरूर लिहीन, आणि ती बुगडी साताऱ्याच्या वाटेवर सांडणारे ग. दि. माडगूळकर आमच्या आटपाडी तालुक्यातल्या शेटफळ्यात जन्मले, हेही लिहीन. पण तो विषय निराळा आहे.

आता ते वाक्य. ‘आपल्या भावना समजू शकतो’ असे आपण म्हणता. माझ्या लेखात वर्षे होती, रागांची नावे होती, कोणते गाणे कोणत्या गाण्यांवर मात करून वर आले याची चर्चा होती. त्यातले काहीच न दिसता आपल्याला फक्त भावना दिसल्या, आणि त्याही समजून घेण्याचा मोठेपणा आपण दाखवलात. हाच लेख पुण्यातल्या एखाद्या निवृत्त प्राध्यापकाने लिहिला असता, तर आपण त्याला ‘दादा, भावना समजतात’ असे लिहिले असते का? मतभेद असावेत. मी आयुष्यभर शाळेत मुलींना संगीत शिकवले आहे आणि ‘बाई, हे चुकलं’ असे म्हणणाऱ्या मुलींचे मी नेहमी कौतुक केले आहे. पण आधी पाठीवर हात ठेवायचा आणि मग कमी लेखायचे, ही पद्धत मला मान्य नाही.

आपण ज्या कानांविषयी लिहिलेत त्यांच्यातच मी वाढले, म्हणून थोडे स्वतःविषयी लिहिणे भाग आहे. माझ्या वडिलांचे सांगलीत गणपती पेठेच्या बाजूला रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते. बुधवारी संध्याकाळी आठ वाजता दुकानाची अर्धी फळी ओढलेली असे आणि दुरुस्त होऊन मालकाची वाट पाहणाऱ्या संचांपैकी सगळ्यांत चांगला संच सिलोनला लावलेला असे. काचेमागच्या हिरव्या दिव्याच्या दोन कडा जवळ आल्या की स्टेशन नीट लागले असे समजायचे. लघुलहरींवरचा आवाज मात्र एकसारखा राहत नसे. तो भरून येई, ओसरे, कधी ऐन अंतऱ्यात पार बुडून जाई. दुकानाच्या पायरीवर बसलेली माणसे त्या वेळी गप्प बसत नसत. ती गाणे पुढे गुणगुणत राहत. आवाज परत येई तेव्हा ती गाण्याच्या बरोबर त्याच जागी असत, आणि त्याच सुरात असत. पेटीचा आधार नाही, तंबोरा नाही, आणि सूर हललेला नाही. पुढे मी मिरजेला गाणे शिकले, दर्ग्यातल्या संगीतसभा रात्ररात्र बसून ऐकल्या, मोठमोठ्या गवयांना समोरून ऐकले. पण सूर धरून ठेवणे म्हणजे काय, हे मी त्या पायरीवर पाहिले होते. ती माणसे कोण होती? हळदीच्या पेठेतले हमाल, सायकल दुरुस्त करणारे, पलीकडच्या शिंप्याकडचा कारागीर आणि, होय, चहाच्या गाड्यावरचा पोऱ्याही.

एक प्रसंग सांगते. आमच्याच आळीतल्या एका लग्नाच्या वरातीत बँडवाले ‘बहारों फूल बरसाओ’ वाजवत होते. क्लॅरिनेटवर नवा मुलगा होता आणि मुखड्याच्या ओळीत त्याचा गंधार, म्हणजे ‘ग’ हा स्वर, दर वेळी वर चढत होता. वरातीत डोक्यावर बत्ती घेऊन चालणारा एक हमाल, ज्याला मी वडिलांच्या दुकानात अनेकदा पाहिले होते, तो बँडमास्तरला म्हणाला, ‘मास्तर, पोराला सांगा, तितं सूर जरा खाली घ्यायचा हाय.’ मास्तरने ऐकून घेतले, मुलाच्या कानाशी काहीतरी सांगितले आणि पुढच्या फेरीत गाणे जागेवर आले.

हे नुसत्या आठवणींतले कौतुक नाही, म्हणून त्यात काय घडले ते नीट सांगते. हे गाणे शिवरंजनी रागावर बांधलेले आहे. शिवरंजनीत षड्ज, ऋषभ, कोमल गंधार, पंचम आणि धैवत एवढेच स्वर. मध्यम आणि निषाद वर्ज्य. तोच गंधार शुद्ध केला की भूप हा दुसराच राग उभा राहतो. म्हणजे त्या मुलाच्या हातून नकळत राग बदलत होता आणि बत्ती डोक्यावर घेतलेल्या माणसाला ते खटकले. रागाचे नाव त्याला ठाऊक नव्हते. राग ठाऊक होता. या कानांना आपण चहाच्या गाड्यावरचे कान म्हणून मोडीत काढता!

आता यादीकडे या, म्हणजे हा एका वरातीपुरता योगायोग नव्हता हे दिसेल. ‘बहारों फूल बरसाओ’ हे 1966 चे पहिले गाणे. चित्रपट ‘सूरज’, संगीत शंकर-जयकिशन यांचे, आवाज मोहम्मद रफींचा. त्याआधी नऊ वर्षे, 1957 मध्ये, ‘जनम जनम के फेरे’मधले ‘जरा सामने तो आओ छलिये’ पहिले आले होते. तेही शिवरंजनीच. संगीतकार एस. एन. त्रिपाठी, ज्यांचे नाव मुख्यतः पौराणिक चित्रपटांशी जोडलेले, आणि ज्यांना आजचे रसिक क्वचितच आठवतात. 1957 हे वर्ष कोणते होते ते पाहा. ‘प्यासा’ त्या वर्षीचा, ‘मदर इंडिया’ त्या वर्षीचा, ‘नया दौर’ही त्या वर्षीचा, म्हणजे सचिनदेव बर्मन, नौशाद आणि ओ. पी. नय्यर, तिघेही रिंगणात होते. मोठ्या नावांच्या मागे धावणारे कान असते, तर त्यांनी या तिघांपैकी कोणाला तरी उचलून धरले असते. त्यांनी रफी-लता यांच्या आवाजातले, एका कमी बोलबाल्याच्या चित्रपटातले शिवरंजनीचे गाणे उचलले. एकाच रागातली दोन गाणी, एक परमात्म्याला हाक मारणारे आणि दुसरे लग्नाच्या मांडवात शिरलेले, एकाचा वाद्यमेळ साधा आणि दुसऱ्याचा भरजरी. आणि दोन्ही त्याच श्रोत्यांनी पहिली आणली. या निवडीमागे मला कान दिसतो. आपल्याला तिथे बाजार दिसतो.

आणखी मागे जाते. वार्षिक यादी सुरू झाली त्या 1953 साली पहिले आले ते ‘अनारकली’तले ‘ये जिंदगी उसी की है’; सी. रामचंद्रांची भीमपलासी रागातली चाल. 1960 चे पहिले गाणे ‘जिंदगी भर नहीं भूलेगी’, रोशन यांचे, यमन रागाच्या वळणाचे. आणि ते पहिले आले ते ‘मुघल-ए-आझम’च्या वर्षी. 1962 चे ‘एहसान तेरा होगा मुझ पर’ पुन्हा यमन, आणि तेही ‘जंगली’सारख्या, आरडाओरड्यासाठी लक्षात राहिलेल्या चित्रपटातले. त्या चित्रपटातला दंगा ज्यांना हवा होता त्यांच्यासाठी दंग्याचे गाणे होतेच. तरीही वर्षअखेरीस वर राहिली ती ही शांत, संथ चाल.

आपले म्हणणे नवे नाही, हेही सांगायला हवे. 1952 मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झालेले बा. वि. केसकर यांचेही असेच मत होते. चित्रपटगीतांनी लोकांची अभिरुची बिघडते असे मानून त्यांनी ती आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार केली. शास्त्रीय संगीताला त्यांनी दिलेले स्थान मी मोलाचे मानते. माझ्यासारखीला रात्री उशिरा घरबसल्या थोर गायक ऐकता आले ते त्या धोरणामुळेच. पण श्रोत्यांनी काय केले? त्यांनी काटा फिरवला आणि सिलोन लावले. गीतमालेचे निवेदक अमीन सायानी यांचे कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होऊन कोलंबोला जात आणि तिथून आमच्या पेठेत ऐकू येत. अखेर 3 ऑक्टोबर 1957 रोजी विविध भारती सुरू करावी लागली. लोकांच्या कानांना कमी समजण्याचा परिणाम काय होतो, हे तेव्हाच दिसून आले होते.

राहता राहिला आपला गूळ. आपण कधी सांगलीच्या मार्केट यार्डात सौद्याच्या वेळी उभे राहिला आहात का? तिथे ढेपेचा रंग पाहून, खडा मोडून, जिभेवर ठेवून मगच बोली लागते. भाव चवीमागून येतो. ज्या बाजाराचा आपण दाखला दिलात तो बाजारच आपल्याला ठाऊक नाही, म्हणून हे लिहावे लागले.

लोकप्रियता म्हणजे गुणवत्ता नव्हे, हे वाक्य आपण मला शिकवण्याची गरज नव्हती. ते माझ्या लेखात होते. मदनमोहन यांच्यासारख्या संगीतकाराचे गाणे वार्षिक यादीत पहिले आले ते 1977 मध्ये, ‘लैला मजनू’तले ‘हुस्न हाजिर है’, आणि तेव्हा त्यांना जाऊन दोन वर्षे झाली होती, हे मीच लिहिले होते. यादीने सर्वांना न्याय दिला असे मी कुठेही म्हटलेले नाही. क्रमवारी तबकड्यांच्या खपावर आणि श्रोत्यांच्या पत्रांवर ठरे, पुढे गावोगावच्या श्रोता संघांची पसंतीही त्यात धरली जाई. तिच्यात दोष असणारच. पण यादीने कोणाला डावलले हा एक प्रश्न आहे, आणि तिने ज्यांना वर आणले त्यांच्यात काय होते हा दुसरा. मी दुसऱ्यावर लिहिले. आपण पहिल्याचे उत्तर माझ्याकडे मागता आहात.

आणि ‘भावना’ म्हणताना आपण सुचवलेला हळवेपणाचा आरोप तर मुळीच टिकत नाही. 1975 साली पहिले आलेले गाणे कोणते होते? ‘रोटी कपडा और मकान’मधली महागाईवरची कव्वाली. त्याआधीच्या 1972 च्या दुष्काळात आटपाडी-जत भागातली माणसे खडी फोडायला गेलेली आम्ही पाहिली होती. रॉकेलच्या आणि रेशनच्या रांगा घरोघर ठाऊक होत्या. त्या वर्षी प्रेमगीतांची कमतरता नव्हती. तरीही श्रोत्यांनी वर आणले ते चार आवाजांत वाटून दिलेले, लता मंगेशकर आणि मुकेश यांच्या शेजारी जानी बाबू कव्वाल आणि नरेंद्र चंचल यांना उभे करणारे, साध्या माणसाच्या खर्चाचा हिशेब मांडणारे लांबलचक गाणे. एका तबकडीच्या साडेतीन मिनिटांच्या सवयीत न बसणारे गाणे लोकांनी पूर्ण ऐकले आणि पाठ केले. ते आज पुन्हा ऐकताना मला गोड वाटत नाही, आणि लेखातही मी ते गोड म्हणून सांगितलेले नाही.

आपली प्रतिक्रिया मी काढून टाकणार नाही. ती लेखाखाली तशीच राहील आणि हे उत्तर तिच्याखाली राहील. लेखात आता 1957 च्या गाण्यापुढे भरत व्यास, 1960 च्या आणि 1977 च्या गाण्यांपुढे साहिर लुधियानवी आणि 1966 च्या गाण्यापुढे हसरत जयपुरी ही नावे घातली आहेत. यमनविषयी किंवा शिवरंजनीविषयी मी लिहिलेले चुकीचे वाटत असेल, तर स्वर दाखवून लिहा, मी उत्तर देईन. चहाच्या गाड्यावरच्या कानांबद्दल पुन्हा काही लिहिणार असाल, तर मात्र माझ्याकडून उत्तराची अपेक्षा ठेवू नका.