‘मॉड बिनधास्त विका’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

"मॉड तुम्ही बनवला म्हणजे तो तुमचाच, बिनधास्त विका, जगात कुठलाच कायदा अडवू शकत नाही" असा एक लांबलचक मेसेज आपल्याकडच्या कॉलेजच्या पोरांच्या ग्रुपवर फिरतोय. मॉड म्हणजे एखाद्या गेममध्ये घालायला खेळणाऱ्यांनीच बनवलेली भर, नवी गाडी, नवा नकाशा असं काहीतरी. परभणीच्या माझ्या भाच्यापर्यंत तो पोहोचला आणि त्यानं बस सिम्युलेटर इंडोनेशिया या बस चालवायच्या गेमसाठी बनवलेली लालपरी यूपीआयवर पैसे घेऊन विकायला सुरुवात पण केली. बारावीचं लेकरू आहे ते. त्याच्या डोक्यात हे भरवणाऱ्याचा मला राग आलाय, म्हणून लिहितोय.

सगळ्यात घातक मुद्दा आधी. तुमच्या फाइलमध्ये मूळ गेमचं एकही चित्र नसेल तर कॉपीराइटचा संबंधच येत नाही म्हणे. अरे, हाच वाद १९९८ साली अमेरिकेत कोर्टात होऊन गेलाय! ड्यूक न्यूकेम थ्रीडी या गेमच्या लेव्हल, म्हणजे खेळायचे नवे टप्पे, लोक स्वतः बनवून नेटवर टाकायचे, मायक्रो स्टार नावाच्या कंपनीनं त्यातल्या ३०० लेव्हल गोळा करून ‘न्यूक इट’ नावानं सीडी विकायला काढली. त्यांचं म्हणणं हेच की आमच्या फाइलमध्ये गेमची चित्रं नाहीतच, कुठं काय दाखवायचं एवढ्या सूचना फक्त आहेत. तिथल्या नवव्या सर्किटच्या (म्हणजे विभागाच्या) अपील कोर्टानं ते मानलं नाही, कारण त्या सूचनांमधून पडद्यावर उभी राहते ती ड्यूकचीच पुढची गोष्ट, आणि पुढचे भाग काढायचा हक्क मूळ मालकाचा. आणि लेव्हल वाटायला गेमच्या मूळ मालकाची ना नव्हती बरं का, लायसन्समध्ये फक्त फुकट द्या असं लिहिलेलं होतं. तो निकाल आपल्या कोर्टांना बंधनकारक नाही, पण ‘जगात कुठलाच कायदा’ ही थाप तिथंच उघडी पडते.

‘भारतात हे लागूच होत नाही’ हा दुसरा मुद्दा. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्रामला संरक्षण आहे, परदेशी गेमलाही आहे. कलम ६३ वाचा: ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. धंद्यात फायद्यासाठी केलेलं नसेल तर कोर्टाला शिक्षा याहून कमी करता येते, म्हणजे फुकट वाटणाऱ्याला जी सवलत मिळू शकते तीच पैसे घेतल्यावर हातची जाते. आणि हा मेसेज नेमकं पैसे घ्या म्हणतोय.

‘क्रेडिट दिलं की झालं’, ‘डोनेशन म्हणा’ यावर काय बोलायचं. परवानगी ती परवानगीच, नाव लिहिल्यानं मिळत नाही, आणि पैसे दिल्याशिवाय फाइल देत नसाल तर ते डोनेशन नाहीच.

एवढं मात्र मान्य करावं लागतं की शून्यापासून बनवलेलं मॉडेल किंवा कोड तुमचाच असू शकतो. माइनक्राफ्ट या गेमच्या वापराच्या करारात तर तसं स्पष्ट लिहिलंय, तुम्ही शून्यापासून बनवलेला मॉड तुमचा. पण त्याच वाक्यात पुढं आहे की तो विकायचा नाही, त्यातून पैसे कमवायचे नाहीत. मेसेजवाल्यानं अर्धंच वाक्य उचललंय. आणि लालपरीवर एसटीचं बोधचिन्ह लावलं की तो आणखी वेगळा प्रश्न, ते चिन्ह काय भाच्याचं नाही.

मेसेजमध्ये शेवटी स्कायरिम या गेमचं उदाहरण दिलंय, तिथं मॉड विकले जातात म्हणून. विकले जातात, पण गेमच्या कंपनीनं स्वतः दुकान मांडलं म्हणून! एप्रिल २०१५ मध्ये स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावर ते सुरू केलं तेव्हा बनवणाऱ्याच्या हातात २५ टक्केच पडत होते, आणि लोक इतके भडकले की चारच दिवसांत बंद करावं लागलं. नंतर कंपनीनं पुन्हा वाट काढली ती पण स्वतःच्याच अटींवर.

भाच्याला मी विक्री थांबवायला लावलीय, ज्यांनी पैसे दिले त्यांना ते परत करायला सांगितलंय, आणि पैसे घ्यायचेच असतील तर आधी गेमवाल्यांना मेल करून लेखी विचार म्हणलंय. हा मेसेज ज्यांनी ज्यांनी पुढं ढकललाय त्यांनी त्याच ग्रुपवर हे पण टाकावं.